पेटीतला दगड

१

पेटी उघडली आणि आतून दगड निघाला.

आधी कुणी ओरडलंसुद्धा नाही. बबल रॅपमध्ये नीट गुंडाळलेला, तळहाताएवढा, चपटा, मळकट पांढरा दगड. कर्णिक सरांनी तो टेबलावर ठेवला आणि आमच्याकडे असं बघितलं, जसं काही आम्ही सगळ्यांनी मिळून तो त्यांच्या जेवणाच्या डब्यात घातला होता.

"हा काय प्रकार आहे? डिस्क कुठे आहे?"

ही डिस्क काय भानगड आहे ते आधी सांगते, कारण सगळं भांडण तिच्यावरूनच आहे. लातुरात एका कोचिंग क्लासच्या वरच्या मजल्यावर 'गोफण गेम्स' नावाचा स्टुडिओ होता. 'होता' म्हणतानाच माझं डोकं तापतं. महादेवप्पा सरांनी तो काढला होता आणि माझी ताई, पूनम, तिथं चित्रं करायची. वर्षानुवर्षं खपून त्यांनी 'बारव' नावाचा गेम बनवला. कावेरी नावाची मुलगी पाणी शोधत एका जुन्या, पायऱ्यापायऱ्यांच्या बारवेत उतरते, आणि जितकी खाली जाते तितका काळ मागे जातो. आणि कावेरीचा आवाज कुणाचा? माझा! अयोध्या, दहावी ब. हजेरीला 'हजर' म्हणतानाही जिचा आवाज घशात अडकायचा, तिचा. "अजून एक पायरी!" हे वाक्य मी इतक्यांदा म्हटलंय की झोपेतही म्हणते, असं आई सांगते.

मग पुण्याच्या ट्रायव्हेंट कंपनीनं स्टुडिओ विकत घेतला. पेढे वाटले. दिवाळी झाली, आणि कंपनीनं कळवलं की लातूरचं ऑफिस बंद. गेमही बंद. त्यांना फक्त आमच्या गेममधलं पाणी पाहिजे होतं, म्हणजे पडद्यावर पाणी खरं वाटेल असं हलवायचं तंत्र. ते पाणी ते त्यांच्या पत्त्यांच्या गेममागे झुळझुळवणार. कावेरी, बारव, माझा आवाज, सगळं पुसून टाकायचं. सगळ्या कंप्युटरवरून गेम काढून एकाच डिस्कवर घेतला होता. गुरुवारी ती डिस्क पेटीत आणि पेटी कपाटात. शुक्रवारी सुट्टी. आज शनिवारी कंपनीचे कर्णिक सर ती घेऊन पुण्याला निघणार होते. मी सकाळची शाळा सुटल्यावर ताईचं सामान उचलायला आले होते, आणि बघते तर हे.

"कपाटाची एक किल्ली महादेवप्पांनी गुरुवारीच मला दिली," कर्णिक सर म्हणाले. "दुसरी कुणाकडे आहे?"

माझ्या शेजारूनच आवाज आला.

"माझ्याकडं," ताई म्हणाली.

२

कर्णिक सरांनी उभ्या उभ्या ऑफिसच्या ग्रुपवर मेसेज टाकला. 'डिस्क पूनम यांच्या ताब्यातून गहाळ झाली आहे. संध्याकाळपर्यंत परत न मिळाल्यास त्यांच्याविरुद्ध पोलिसात तक्रार करण्यात येईल. तोपर्यंत कुणालाही अनुभवपत्र दिले जाणार नाही.'

'पूनम यांच्या' म्हणे! चोर म्हणायचं, ते पण अहो-जाहो करून!

सोमवारी ताईला नांदेडच्या एका कॉलेजात बोलावलं होतं. ॲनिमेशन शिकवायची नोकरी, जवळजवळ पक्की. पोलिसात नाव गेल्यावर तिला तिथं कोण उभं करणार? त्याच कपाटात ताईचे चित्रांचे पॅड असायचे, म्हणून तिच्याकडं किल्ली. एवढाच तिचा गुन्हा.

"काल तुम्ही कुठे होतात?" कर्णिक सरांनी विचारलं.

"शेतात."

"दिवसभर?"

"येळवस होती ना, सर."

"म्हणजे काय?"

आता या माणसाला काय सांगायचं! येळवस म्हणजे वेळ अमावस्या, त्या दिवशी लातूर ओस पडतं. सगळी दुकानं बंद, सगळी माणसं शेतात. ज्याचं शेत नाही तो दुसऱ्याच्या शेतात, पण घरी कुणी राहत नाही.

"अच्छा, म्हणून!" कर्णिक सर खवळले. "काल अख्ख्या गावात मला एक वडापाव मिळाला नाही. लॉजवाल्यानं दिलेल्या बिस्किटांवर दिवस काढला."

"तुम्हाला बोलावलं होतं की," आदिनाथदादा म्हणाला. हा आमचा प्रोग्रामर, अर्धापूरचा. "तुम्हीच म्हणाले, मेल बघायच्यात. बसा मग मेल खात."

आम्ही सगळे काल महादेवप्पा सरांच्या रेणापूरच्या शेतात होतो. स्टुडिओ बंद पडत होता, पण काल कुणी त्याचं नाव काढलं नाही. भज्जी, बाजरीचे उंडे, खीर. ज्वारीच्या उभ्या पिकात कडब्याची कोप केलेली, आणि कोपीत चुन्यानं रंगवलेले पाच पांडव, म्हणजे पाच दगड. सरांची आई तुळजाबाई भल्या मोठ्या गडव्यानं त्यांच्यावर आंबील ओतत होत्या. आमच्याकडं नुसती शिंपडतात. त्या मात्र आंघोळच घालत होत्या.

"आज्जी, बास की, सर्दी होईल त्यांना," मी म्हटलं.

"होऊ दे. वर्षातून एकदा तर पितेत बिचारे." मग त्या वाकून बघत म्हणाल्या, "यंदा आमच्या नकुलाचं डोस्कं चौकोनी कामून दिसायलंय गं?"

"तुझा चष्मा बदलायला झालाय, आई," सर म्हणाले आणि त्यांनी पांडवांवर शाल ओढली.

"चष्म्याला काय धाड भरली? तूच रंगवलेस यंदा. एरवी दगडाला हात लावत न्हाई, म्हटलं यंदा पोराला देव सुचला."

सगळे हसलो. मी सगळ्यात जास्त हसले.

पण एक गोष्ट मी कर्णिक सरांना सांगितली नाही. जेवणं झाल्यावर आदिनाथदादा शेतातून गायब झाला होता. दिवस कलायला लागल्यावर परत आला. आणि कुठं गेला होता, ते कुणीच विचारलं नव्हतं.

३

"दादा, काल दुपारी कुठं गेला होतास?"

आदिनाथदादा खुर्चीत उलटा बसून भिंतीकडे बघत होता. "लातूर स्टँडवर."

"म्हणजे लातुरातच! ऑफिसच्या इथं!"

"पोलीस झालीस का गं? बापानं अर्धापूरहून बसमधी केळीचा घड टाकला होता, तो आणायला. तूच चार केळी हाणलीस की."

हे खरं होतं. केळी चांगली होती.

"आणि माझ्याकडं किल्ली कुठंय?" तो म्हणाला. "अन् ऐक, मी चोरली असती ना, तर पेटीत दगड कशाला ठेवला असता? रिकामी पेटी फेकून देऊन मोकळा. नायतर आत शेण भरून ठेवलं असतं. दगड ठेवायला मला काय वेड लागलंय?"

तो रागात बोलला, पण माझ्या डोक्यात ते वाक्य खिळ्यासारखं बसलं. खरंच की. दगड कशाला?

मी आवाजाच्या खोलीत गेले. तिथं बुद्धप्रियाताई होती. गेममधले सगळे आवाज तिचे. मला माइकसमोर उभं करून बोलायला शिकवलं तेही तिनंच. "पोटातून बोल, लाजतेस काय, कावेरीला कुणी बघत नाही," असं म्हणायची. मी आत गेले तशी तिनं घाईघाईनं पिशवीचं तोंड आवळलं.

"काय लपवलंस?"

"काही नाही."

"ताईवर आळ आलाय आणि तू काही नाही म्हणतेस?"

तिनं पिशवी माझ्यापुढे आपटली. "बघ! घे, बघ!"

आत घागर होती. साधी मातीची घागर. बारवेतल्या पाण्याचा आवाज ती या घागरीत पाणी ओतून काढायची. घागरीवर ट्रायव्हेंटचा नंबराचा स्टिकर चिकटवलेला होता.

"माझ्या आईची घागर आहे," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "त्यांनी हिलाही कंपनीचा माल ठरवलंय. मी हिला चोरूनच नेणार, सांग जा कर्णिकांना."

मला इतकी लाज वाटली की काय सांगू. मी तो स्टिकर नखानं खरवडून काढला. मग दोघी खाली बसलो.

"ताई, गुरुवारी पेटीत डिस्क कुणी ठेवली?"

"सरांनी. केबिनमधी, दार लावून. आम्हाला वाटलं आत रडत असतील, म्हणून कुणी गेलं नाही. मग पेटी बाहेर आणून कर्णिकांच्या हातात दिली. त्यांनी अशी हातावर तोलून बघितली अन् स्वतःच कपाटात ठेवली."

"तोलून बघितली?"

"हाव. का गं?"

मी उठून धावतच बाहेर गेले. मला तो दगड पुन्हा बघायचा होता.

४

कर्णिक सर फोनवर होते. पाठ माझ्याकडे. दगड टेबलावरच होता, बाजूला बिस्किटाचा पुडा.

आता माझं गणित सांगते. ताईनं काल किल्लीनं कपाट उघडून डिस्क नेली असती, तर पेटी उचलून बघणारं कुणी तिथं नव्हतंच. आणि आज सर पेटी उघडूनच नेणार, हे तिला माहीत होतं. मग दगड ठेवायची गरज काय? दगड लागतो तो वजनासाठी. कुणीतरी पेटी हातावर तोलणार असेल तेव्हा. आणि पेटी तोलली गेली ती एकदाच, गुरुवारी. म्हणजे कपाटाला कुलूप लागलं तेव्हाच आत दगड होता. किल्लीचा प्रश्नच येत नाही!

मला नाचावंसं वाटलं. मी दगड उचलला. त्याच्या कडेचा एक पापुद्रा माझ्या नखात आला. खाली आणखी एक पापुद्रा. त्याच्या खाली आणखी एक. बांधकामावरच्या दगडाला चुना लागला तर एकदा लागेल. हा तर कांद्यासारखा होता. थरावर थर, आणि मधल्या एका थरात पिवळट लाल डाग. मी वास घेतला. हळदीकुंकू. जुनं.

वर्षातून एकदाच चुना लागतो आणि वर्षानुवर्षं लागत राहतो, असा दगड कोणता?

माझं नाचणं जागेवरच थांबलं. हातात नकुल होता. खरा नकुल. आणि काल कोपीत ज्याचं डोकं चौकोनी दिसत होतं, तो मग कोण होता?

"ए मुली, ते खाली ठेव," कर्णिक सर म्हणाले. "पुरावा आहे तो."

"सर," मी म्हटलं, आणि माझा आवाज अजिबात अडकला नाही, "संध्याकाळपर्यंत थांबणार म्हणालात ना? थांबा मग. ताई, स्कूटीची चावी घे."

५

रेणापूरच्या रस्त्यानं मी मागं बसून ताईला सगळं सांगितलं. तसतसा स्कूटीचा वेग कमी होत गेला. तिला तिथं पोचायचंच नव्हतं.

तुळजाबाई कोपीजवळ भांडी गोळा करत होत्या. "आल्या का लेकी? उंडे राहिलेत, खाऊन जा."

"आज्जी, नकुलाला हात लावू का?"

"हात धू आधी."

मी हात धुतले. शाल बाजूला केली. चौकोनी डोक्याचा पांडव उचलला तर तो हाताला ओला, मऊ लागला. चुना फुटला, खाली भिजलेली कणीक, कणकेखाली पॉलिथिनची पिशवी, आणि आंबलीचा असा आंबट वास की नाकात झिणझिण्या आल्या.

"अयोध्या, ठेव ते."

महादेवप्पा सर मागं उभे होते. हातात आंबलीचं रिकामं मडकं.

"दगड गाडीत होते," ते कुणी न विचारताच बोलायला लागले. "आईनं धुवून रंगवायला दिलते. गुरुवारी कळलं की ते लोक पुण्यात नेऊन सगळं पुसणार. मला म्हटले होते गेम बाजारात आणू, थोडा उशीर होईल एवढंच. लेखी काही न्हाई. मी येडा. घाईत एक दगड पेटीत घातला. मग घरी आल्यावर ध्यानात आलं, आई पाच न बघता पूजाच करू देणार न्हाई."

"म्हणून डिस्कलाच चुना लावला."

"येळवस झाली की काढणार होतो."

"म्हादू," तुळजाबाई उठून उभ्या राहिल्या, "मग माझा नकुल कुठाय?"

"आहे, आज्जी. आणून देते," मी म्हटलं. ताई सरांकडे बघत होती. या माणसानं तिला पहिली नोकरी दिली होती. 'मुली काय गेम बनवणार' म्हणणाऱ्या आमच्या काकांना घरी येऊन समजावलं होतं.

"सर, ग्रुपवरचा मेसेज तुम्ही वाचला का?" तिनं विचारलं.

"वाचला."

"कधी?"

"आला तेव्हाच." त्यांनी मान खाली घातली. "मला वाटलं, उगं धमकी देतेत. दोन दिवसांत विसरतील. डिस्क राहिली तर आपण दुसरीकडं कुठंतरी..."

माझा संयम सुटला. मोठ्यांशी असं बोलू नये, माहीत आहे मला. तरी बोलले.

"सर, आधी तुम्ही स्टुडिओ विकला. आता ताईचं नाव विकायलात."

ताईनं माझा दंड दाबला. पण ती मला 'गप्प बस' म्हणाली नाही.

सरांनी मडकं खाली ठेवलं. "चला. मी येतो."

६

ऑफिसात सगळे टेबलाभोवती उभे राहिले. सरांनी स्वतः सांगितलं, काही न लपवता. कर्णिक सरांनी पिशवी उघडली आणि तोंड फिरवलं.

"हे काय लावलंय याला?"

"आंबील," आदिनाथदादा म्हणाला. "ज्वारीचं पीठ अन् ताक. काल शेतात आला असतात तर पाजली असती."

पिशवीला नुसता रबर होता. गाठ मारायचं सरांना सुचलं नव्हतं, आणि आई गडवाभर ओतेल हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. ते लहानपणापासून बघत आलेत, तरी विसरले. आदिनाथदादानं डिस्क पुसली, पंख्यासमोर धरली, जोडली. पडद्यावर काहीच नाही. डिस्कमधून आवाज यायला लागला. टक्. टक्. टक्.

बुद्धप्रियाताईनं कान जवळ नेला. आवाजातलं तिला कळतं. तिनं हळूच मान हलवली.

"गेली."

"पाणीसुद्धा?" कर्णिक सरांनी विचारलं.

"पाणीसुद्धा."

मला हसू यायला हवं होतं. पाण्याचं तंत्र आंबलीत बुडालं, यात हसण्यासारखं होतं. पण त्या टक्टक्मध्ये कावेरी होती, ताईनं काढलेली तिची ओढणी होती, माझा आवाज होता. मी कोडं सोडवलं, एकटीनं सोडवलं, आणि हातात काय आलं तर हे! सोडवलं नसतं तरी हेच झालं असतं, ती कालच गेली होती, हे मला कळतं. पण कळून राग जात नाही.

कर्णिक सर खाली बसले. एकाएकी ते म्हातारे दिसायला लागले. "महादेवप्पा, कंपनीचे वकील तुमच्याशी बोलतील."

"हाव," सर म्हणाले.

"बाकीच्यांना अनुभवपत्रं मिळतील. विषय संपला." त्यांनी बॅग उचलली.

"संपला नाही," मी म्हटलं.

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. पोटातून बोल, लाजतेस काय.

"सर, सकाळी तुम्ही ग्रुपवर ताईचं नाव लिहिलंत. आता तिथंच लिहा की तिनं चोरी केली नाही. नाव घेऊन लिहा."

"अगं, तो ग्रुप मी आज बंदच करतोय."

"आधी लिहा. मग बंद करा."

"सगळ्यांना समजलंय आता."

"इथल्यांना समजलं. ग्रुपवर तुमचे पुण्याचे लोक पण आहेत. उद्या नांदेडच्या कॉलेजनं पुण्याला फोन लावला तर ते काय सांगतील? सकाळचाच मेसेज वाचून दाखवतील."

कर्णिक सर दाराकडे बघत होते, पण दारात आदिनाथदादा उभा होता, हाताची घडी घालून. नुसता उभा होता. मग कर्णिक सरांनी फोन काढला. बोटं हळू चालत होती. सगळ्यांचे फोन एकदम वाजले.

'डिस्क पूनम यांनी घेतलेली नव्हती. त्यांच्यावर केलेला आरोप चुकीचा होता. मी तो मागे घेतो.'

ताईनं तो वाचला. पुन्हा वाचला. मग फोन उलटा ठेवून खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. कर्णिक सरांनी ग्रुप बंद केला तोवर मी त्या मेसेजचा फोटो काढून ठेवला होता. मी काय कच्ची आहे?

निघताना मी टेबलावरचा दगड उचलला.

"तो पुरावा..." कर्णिक सर म्हणायला लागले.

"नकुल आहे तो. आज्जी वाट बघतेत."

त्यांनी हात हलवला. न्या म्हणाले.

शटर सरांनीच ओढलं. पार खाली येईपर्यंत ते त्याला धरून होते. आम्ही कुणी त्यांच्याजवळ गेलो नाही. दुपारपासून मला त्यांचा राग होता आणि अजूनही आहे, तरी तेव्हा मला त्यांच्याकडं बघवेना, तेही खरंच. जिन्यात कोचिंगची मुलं वर्गाच्या उघड्या दारातून फळ्यावरचं उतरवून घेत बसली होती. वर एक स्टुडिओ मेला, याचा त्यांना पत्ता नव्हता.

ताई पुढं, मी दिलेला नकुल दोन्ही हातांत. मधल्या वळणावर ती थांबली आणि भिंतीला टेकली. खांदे हलत होते.

"जड आहे गं," ती म्हणाली.

मी तिच्यापुढं दोन पायऱ्या उतरले, मागं वळले, आणि ज्या आवाजाचा आता कुठल्याच डिस्कवर पत्ता नाही, त्या आवाजात, पोटातून म्हटलं,

"अजून एक पायरी!"

फळ्याकडं बघणारी सगळी पोरं वळली. ताई रडता रडता हसली, नाक पुसलं, आणि खाली उतरली.